दात हलता, काढून टाक

मालवणी खाजं हे आमच्या किनाऱ्यावर दातांचं मोजमाप होतं. आंगणेवाडीच्या जत्रेहून आलेला पुडा पडवीत सुटला की कोण कडाकड फोडतो, कोण गालात धरून भिजवत बसतो आणि कोण "माका नको, गोड लय आसा" म्हणून मान फिरवतो, यावरून घरातल्या कुणाच्या तोंडात किती उरलंय ते उघड व्हायचं. बेसनाच्या जाड शेवेवर आल्या-गुळाचा पाक चढवलेलं ते कांडकं. पन्नाशी ओलांडलेली बहुतेक माणसं मान फिरवणाऱ्यांत असायची.

हे मुद्दाम सांगतोय. हल्ली चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "जुन्या माणसांचे दात म्हणजे लोखंड. नव्वदीत सुपारी फोडायचे." मेढ्यातले एक आजोबा फोडायचे, खरं आहे. म्हणून तर ते लक्षात राहिले. बाकीच्यांचं काय? आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर वीतभर उंचीचा एक लोखंडी खलबत्ता अजून पडून आहे. तो पानाचा. आजीचा विडा त्यात कुटला जाई. पान, सुपारी, कात, चुना, वरून तंबाखूची चिमूट, आणि मग तो लाल लगदा बोटाने निपटून तिच्या तळहातावर. असा खलबत्ता शेजारच्या घरी होता, त्याच्या पलीकडच्याही घरी होता. दात जर लोखंडाचे होते, तर एवढे खलबत्ते कुणासाठी होते?

जुन्या तोंडांचा खरा हिशेब एका माणसाने मांडून ठेवलाय, तोही आपल्यासारख्याच नारळ-मासळीच्या मुलखात. हॅराल्ड लो हा मूळचा नॉर्वेचा दंततज्ज्ञ. त्याने 1970 साली श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या 480 पुरुष मजुरांचे दात तपासायला घेतले. या मजुरांनी ना कधी ब्रश धरला होता, ना दातांचा डॉक्टर पाहिला होता. लो आणि त्याचे सहकारी पुढची 15 वर्षं पुन्हा पुन्हा तिथे जात राहिले आणि 1986 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. कीटण सगळ्यांच्याच दातांवर होतं, हिरड्या सगळ्यांच्याच सुजलेल्या होत्या. पण सुमारे 8 टक्के मजुरांचं दाताखालचं हाड झपाट्याने झिजत गेलं आणि पंचेचाळिशीपर्यंत त्यांची तोंडं रिकामी झाली. 81 टक्क्यांचं मध्यम गतीने झिजलं. आणि 11 टक्क्यांना हिरडीच्या सुजेपलीकडे काहीच झालं नाही. कशाने म्हणाल, तर थर जंतूंचा असला तरी हाड झिजवतं ते आपल्याच शरीराचं त्या जंतूंशी चाललेलं भांडण, आणि ते भांडण कुणाचं किती पेटतं हे ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर असतं. मेढ्यातले सुपारीवाले आजोबा त्या 11 टक्क्यांतले. आठवणीत तेवढेच राहतात. उरलेल्यांनी मऊ भात खाल्ला आणि ते मुकाट गेले.

आमच्या घरातली सकाळ मशेरीच्या ठसक्याने उजाडायची. तंबाखूची पानं तव्यावर टाकून काळी पडेपर्यंत भाजायची. तो धूर माडीपर्यंत चढे आणि झोपलेली मुलं खोकत उठत. मग ती पानं हातानेच चुरून पत्र्याच्या डबीत भरायची. आजी, काकी, शेजारची एखादी, अशा तिघीचौघी खळ्याच्या कडेला बसत. डाव्या तळव्यावर मशेरी, उजव्या हाताची तर्जनी हिरडीवरून सावकाश फिरतेय, मधेच पिंक, मधेच गावातली खबर. दात घासणं नावापुरतं होतं. तो त्यांचा दिवसातला पहिला आणि बहुतेक एकमेव निवांत वेळ होता, म्हणून मशेरी सोडा असं सांगणाऱ्याला त्या का हसत हे मला कळतं.

पुरुषांकडे आंब्याचं पान. त्याची घडी घालून दातांवरून फिरवायची, मग शीर काढून तिनेच जीभ खरवडायची. मुलांना राखुंडी आणि मीठ. मीठ शिरोड्याकडचं, जाडं, 1930 च्या सत्याग्रहाचा मुलूख. हे आंब्याचं पान आणि मीठ वाईट नव्हतंच. पुढे माकडछाप काळं दंतमंजन आलं, कोलगेट पावडरचा पत्र्याचा डबा आला, आणि 1952 साली पेंढरकरांनी सुरू केलेल्या विकोची वज्रदंती तर टुरिंग टॉकीजच्या पडद्यावरूनही आली. बोट मात्र तेच राहिलं. दोन दातांच्या फटीत ना बोट शिरतं ना पान, आणि रोग सुरू होतो तो नेमका तिथे. त्या फटीसाठी आमच्याकडे हीर होती. माडाच्या झावळीची हीर, केरसुणीतून सर्रकन ओढलेली. जेवण झालं की पडवीत बसलेला प्रत्येक बाप्या हिरीने दात कोरत असे, आणि ही सवय मोठी तालेवारपणाची समजली जाई. तरण्याताठ्या माणसाच्या दातांत पेडव्याचा काटा रोज का अडकतो, फट एवढी रुंद कशी झाली, हे कुणी विचारलं नाही.

मशेरीची खरी करणी वेगळीच. हिरड्यांतून रक्त येणं ही या रोगाची पहिली हाक. पण तंबाखूतल्या निकोटिनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त येतच नाही. हिरडी फिकट, घट्ट, वरून अगदी झकास दिसते. आत हाड उतरत असतं. "माझ्या हिरडेतसून कधी रगात नाय इला," असं आजी अभिमानाने सांगायची, आणि सांगायची तेव्हा तिच्या तोंडात खालचे चार दात होते.

उपाय होते, नाही असं नाही. दाढ ठणकली की परसातल्या अक्कलकाढ्याचं पिवळं बोंड चावायचं. सगळी जीभ झिणझिणते, लाळ सुटते आणि घटकाभर दुखणं विसरायला होतं. लवंगेचं तेल असे. दात हलायला लागला की ओवळीच्या सालीचा काढा करून चुळा भरायच्या. देवळाजवळची ओवळ, जिची फुलं आयाबाया केसांत माळतात, तिच्या खोडावर सुरीचे जुने-नवे वार असायचे ते यासाठी. साल तुरट, तिने हिरडी आकसते, दात चार दिवस धरल्यासारखा वाटतो. या काढ्यांची टिंगल करणाऱ्यांतला मी नाही. पण गेलेलं हाड कुठल्याही चुळीने परत येत नाही, आणि दात हिरडीवर नव्हे, हाडावर उभा असतो.

शेवटी मग ठरलेलं वाक्य यायचं, "दात हलता, काढून टाक." ते घरातलं कुणीही म्हणू शके, त्याला वैद्य लागत नव्हता. दोरा बांधून, नाहीतर जत्रेत चादरीवर उपटलेल्या दातांची रास मांडून बसणाऱ्या दातवाल्याकडून, नाहीतर बाजारपेठेतल्या डॉक्टरकडून. दुखत नसे फारसं, कारण दाताला धरायला खाली काही उरलेलंच नसे. किडलेला दात काढताना माणूस बोंबलतो. हे दात मात्र धड, पांढरे, बिनकिडीचे हातात यायचे, आणि "बघ, कसो मोतयासारखो होतो," म्हणून लोक हळहळायचे. त्या हळहळीतच सगळी गोष्ट होती. दाताला काहीच झालेलं नव्हतं, त्याच्या पायाखालचं गेलं होतं. पण ते वय झाल्याचं लक्षण होतं, रोग नव्हे, आणि वयावर कोण उपचार करतो?

ज्याच्या घरी मुंबईला चाकरमानी, त्याला पुढची पायरी मिळे. आई-बापाला बोटीने न्यायचं. पावसाळ्यात बोट बंद, तेव्हा दसऱ्यानंतर. नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय 1933 पासूनचं. तिथे तासन्तास रांग लावायची, किंवा परवडलं तर एखाद्या चिनी डेंटिस्टच्या पाटीखालून आत शिरायचं आणि कवळी घेऊन गावी यायचं. कवळी लागली की माणसाचा चेहराच बदले. आमच्या काकाची कवळी देवळात आरतीला आणि लग्नाला वापरात असे, जेवताना ती ताटाशेजारी वाटीत. जबड्याचं हाड झिजून सपाट झालेलं, मग कवळी बसणार कशावर?

हिरडीची शस्त्रक्रिया आमच्या कुटुंबात पहिल्यांदा झाली ती मामाची, मुंबईत, ऐंशीच्या दशकात. सरकारी नोकरी, वरिष्ठ कारकून, त्यामुळे दात वाचवावेत ही कल्पना त्याला कुणीतरी दिली. तेव्हाची पद्धत अशी की अर्ध्या जबड्याची हिरडी दातांच्या मुळाशी कापून पाकळीसारखी मागे उलटायची. आतला सडका भाग, मुळांवरचं कीटण लख्ख खरवडायचं, हाडाचे कंगोरे तासायचे आणि हिरडी खाली सरकवून टाके घालायचे. वरून लवंगेच्या वासाचा गुलाबी लगदा थापायचा. ही काही मुंबईच्या डॉक्टरांची मनमानी नव्हती. स्वीडनच्या लिओनार्ड विडमनने 1918 साली या पाकळीची रीत मांडली होती. 1974 मध्ये अमेरिकेत मिशिगनला रॅम्फ्योर्ड आणि निसल यांनी ती जरा सौम्य केली. जगभर तसंच चाले, कारण आत दिसायचं तर उघडायला हवं, आणि उघडायचं तर मोठं.

मामाचे दात राहिले, हे आधी सांगितलं पाहिजे. पंचवीस-तीस वर्षं टिकले. पण सुट्टीत तो गावी आला तेव्हा आम्ही पोरं त्याच्याकडे बघतच राहिलो. दात घोड्यासारखे लांब दिसत होते, हिरड्या वर चढलेल्या, दातांच्या मुळांशी काळ्या त्रिकोणी खिडक्या. विहिरीचं गार पाणी त्याला पिववेना, सोलकढीने तर कळ मस्तकात जाई. सूज उतरायला पंधरवडा लागला म्हणाला. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "त्यापेक्षा काढून टाकलं असतंस." गावात मग हिरडीच्या ऑपरेशनचं नावच निघेनासं झालं.

दरम्यान बाहेर दुसरंच काही चाललं होतं. 1982 मध्ये स्वीडनच्या निमन, लिंडे, कारिंग यांच्या गटाने दाखवलं की हिरडीच्या पेशींना पडद्याने अडवून ठेवलं तर दाताभोवतीचा धरून ठेवणारा भाग पुन्हा वाढू शकतो. म्हणजे गेलं ते गेलं, हे शेवटचं वाक्य नव्हतं. 1995 च्या सुमाराला अमेरिकेतल्या डॅलसच्या स्टीफन हॅरेलने विचारलं, की खड्डा एका दाताशी आहे तर अर्धा जबडा उघडायचा कशाला? पुढे फ्लॉरेन्सच्या पिएरपाओलो कोर्तेल्लीनी यांनी मॉरिझिओ तोनेत्तींबरोबर 2007 मध्ये ही बारीक छेदाची पद्धत नेमकेपणाने बांधली, आणि 2009 मध्ये ती आणखी आवळली. दोन दातांमधला हिरडीचा त्रिकोण सोडवायचाच नाही, गालाच्या बाजूने छोटी खिडकी पाडायची आणि तिच्यातून आत काम करायचं. तो त्रिकोण शाबूत राहिला की आत जमलेली रक्ताची गुठळी हलत नाही, आणि नवं हाड धरतं ते त्या गुठळीच्या आधाराने. लहान छेदाचा फायदा दिसण्यापुरता नाही, तो असा मुळाशी आहे.

हे सगळं मला कळलं ते आत्यामुळे. आत्या धुरीवाड्यात राहते, साठीच्या अलीकडची, साखर आहे, आणि मशेरी होती. खालची एक दाढ हलायला लागली आणि तिने स्वतःच जाहीर केलं की काढून टाकायची. तिची सून ऐकेना. कुडाळला एका दवाखान्यात आठवड्यातून एकदा हिरड्यांची डॉक्टरीण बाहेरून येते, तिथे घेऊन गेली. मी गाडी चालवायला.

डॉक्टरिणीने पहिल्यांदा काय केलं, तर मोजलं. हिरीसारखीच बारीक, पण पोलादाची आणि मिलिमीटरच्या खुणा केलेली एक सळई. ती दात आणि हिरडी यांच्या मधल्या सांदीत हलकेच सोडायची आणि आकडा सांगायचा. एका दाताला सहा ठिकाणी. "तीन, दोन, तीन. चार, तीन, पाच." मदतनीस मुलगी लिहून घेते. तीनपर्यंत ठीक. त्या दाढेपाशी आवाज थांबला, मग "सात". एक्स-रे संगणकाच्या पडद्यावर लगेच आला. बाकी दातांचं हाड सरसकट थोडं थोडं उतरलेलं, आणि त्या दाढेच्या पुढच्या मुळाशी मात्र उभा, खोल खड्डा.

आत्याला वाटलं, आता कापणार. कापलं नाही. आधी तिला ब्रश हातात देऊन आरशासमोर बसवलं, शाळेतल्या पोरीसारखं. फटींसाठी बाटली धुवायच्या ब्रशाची बारीकशी आवृत्ती दिली. दोन बैठकांत मुळांपर्यंतचं कीटण काढलं. साखरेचा तीन महिन्यांचा आकडा खाली आणून दाखवा म्हणाली, कारण साखर चढली की हिरडी बिघडते आणि हिरडी बिघडली की साखर आवरत नाही. आणि मशेरी बंद. यावर आत्या जरा गरम झाली. बंद केल्यावर महिन्याभरात हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा तर "बघ, बरा होता तां बिघडवल्यान," असं तिने सुनेला ऐकवलं. ते रक्त म्हणजे इतकी वर्षं दाबून धरलेली हाक होती, हे तिला पटायला वेळ लागला.

दोन महिन्यांनी पुन्हा मोजलं तर बहुतेक सांदी आपोआप उथळ झालेल्या. उरली ती एकच सातची. मगच शस्त्रक्रियेची गोष्ट निघाली, आणि तिच्याबरोबर नवीच पंचाईत. खड्ड्यात भरायचं काय? गाईच्या हाडाची प्रक्रिया केलेली भुकटी असते, डुकराच्या पिल्लाच्या दातापासून केलेलं प्रथिन असतं, कृत्रिम कॅल्शियमचे दाणे असतात. आत्याने बांगड्यापासून कोंबड्यापर्यंत कशाला नाही म्हटलेलं नाही, पण तिने गंभीरपणे विचारलं, "सोमवारी चलात मां?" शेवटी तिचंच रक्त वापरायचं ठरलं. दंडातून एक नळीभर काढून ते यंत्रात गरगर फिरवतात, तांबड्या पेशी खाली बसतात आणि मधे पिवळसर, चिवट गोळा जमतो. 2001 च्या सुमाराला शुक्रून नावाच्या फ्रेंच डॉक्टरने आणलेली युक्ती.

सुनेला काचेतून बघू दिलं, मीही डोकावलो. डॉक्टरिणीच्या चष्म्यावर दुर्बिणीसारखी भिंगं, कपाळावर दिवा. छेद एवढासा, की तांदळाचा एखादा दाणा आडवा ठेवला तर तो झाकावा. आतलं मांस बारीक चमच्याने काढलं, मूळ घासलं, पिवळा गोळा दाबला आणि केसाच्या जाडीच्या धाग्याने टाका घातला. तासाभरात संपलं. संध्याकाळी आत्या गालाला बर्फ लावून मालिका बघत होती. दुसऱ्या दिवशी सूज शोधावी लागत होती. नऊ महिन्यांनंतरच्या एक्स-रेत तो काळा खड्डा बराचसा पांढुरका झालेला, सळई चारवर थांबली आणि दाढ हलायची राहिली.

आता हायवेवरच्या फलकांवर "न कापता, न दुखता" असलं काही वाचलं की मला राग येतो. ही पद्धत सगळ्यांसाठी नाही. एखाद्या दाताशी उभा खड्डा असेल तर तिचा उपयोग. सरसकट उतरलेलं हाड तिने वर येत नाही, आत्याच्या बाकीच्या दातांचं आलेलंच नाही. तंबाखू सुटली नाही तर ती फुकट जाते. खर्चही खलाश्याच्या घराला सहज झेपेल असा नाही. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला झाला आणि त्याच्या आदल्याच वर्षी गोव्यात सरकारी दंत महाविद्यालय उभं राहिलं, जे बांबोळीला आहे. आमची माणसं काहीही मोठं निघालं की पत्रादेवीचा नाका ओलांडून बांबोळीची वाट धरतात, दातांसाठीही. हिरड्यांसाठी एवढ्या लांब जावंसं वाटायला मात्र आधी तो रोग आहे हे मान्य व्हावं लागतं. खरं सांगायचं तर त्या दुर्बिणीच्या चष्म्यापेक्षा मला ती खुणांची सळई मोठी वाटते. ती आजीच्या तिशीत कुणी तिच्या हिरडीत घातली असती, तर छेदाची गोष्टच निघाली नसती.

जुन्यातलं मला हवंसं वाटतं ते वेगळंच काही. दात गेलेल्या माणसाची सोय तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या हाताला ठाऊक होती. आजीच्या ताटात बांगडा यायचा तो मधला काटा अलगद उचलून. पेडवे असले तर काकी शेजारी बसून एकेक सोडवून देई, स्वतःचं जेवण निवत असलं तरी. आंबोळी रसात आधीच बुडवलेली, सुकट कुटून. कुणी त्याबद्दल बोलत नसे आणि आजीला आपण कुणावर ओझं आहोत असं वाटत नसे. आज दात टिकलेली म्हातारी माणसं आपलं आपलं ताट घेऊन टीव्हीसमोर जेवतात.

आत्याला दर तीन महिन्यांनी साफसफाईला बोलावलंय, आणि ती तारखेवरून डॉक्टरिणीच्या मदतनीस मुलीशी दर खेपेला घासाघीस करते. चतुर्थीच्या आठवड्यात नाही, मुंबईकर यायचे असतात. मे महिन्यात नाही, आंबे-काजूची गडबड. मागच्या वेळी जूनचा पहिला आठवडा दिला तर म्हणाली, तेव्हा पेरणी. मुलीने वहीतून मान वर न करता विचारलं, "मशेरी परत सुरू केलीत काय, आत्यानु?" आत्याने जूनचा पहिला आठवडा घेतला.